लीक नाही, सेलरी नाही, क्रीम नाही... मग सूप कसं करायचं?

सुगरणनव्हे

नमस्कार मंडळी.

सासूबाईंचे उरलेसुरले दात काढलेत. हिरड्या भरल्या की कवळी बसणार, तोवर चावायचं काही नाही. पेज, गुरगुट्या भात, वरण सगळं करून झालं. आता त्यांचं म्हणणं, "मला काय टायफॉइड झालाय का, रोज उठून पेज?" म्हणून म्हटलं सूप करू. मोबाइलवर पाककृती काढल्या तर पहिल्याच ओळीत लीक, म्हणजे कांद्याच्या जातीची विलायती पात. पुढं सेलरी, थाइम, हेवी क्रीम आणि दोन कप व्हेजिटेबल स्टॉक.

आम्ही साताऱ्यात, शाहूपुरीला राहतो. मंडईत लीक मागितला तर भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "ते काय असतंय?" आणि माझ्या पिशवीत कांद्याची पात टाकून मोकळ्या झाल्या.

पुण्याहून मागवता येईल हो, पण वाटीभर सूपसाठी एवढा खटाटोप कोण करणार? तर या सगळ्याच्या जागी घरातलं काय घालता येईल? काहीतरी उकडून दिलंय असं वाटायला नको, चवीनं खाल्लं पाहिजे. त्यांना शुगर आहे, त्यामुळं कॉर्नफ्लॉवर शक्यतो टाळायचंय. अंडं चालत नाही. सोमवारी कांदा-लसूणही बंद.

पोवईनाका

उत्तर मावशींनी पिशवीत घालून दिलंय, तुम्ही धागा कशाला काढलात? असो, मी भडंग घेऊन बसलोय.

हरिपूररोड

अगं, पातीनं बहुतेक काम भागतं. फक्त ती आमटीसारखी फोडणीत परतू नकोस. पांढरा भाग बारीक चीर, लोण्यात नाहीतर तुपात टाक, चिमूटभर मीठ घाल आणि झाकण ठेव. गॅस अगदी बारीक. मधून मधून हलवायचं, रंग मात्र येऊ द्यायचा नाही. कांद्याचा उग्र वास जाऊन गोडसर वास सुटला की पुढचं. लाल झाला तर चव थेट रश्शाकडं जाते.

मूळ कृतीत यात बटाटा असतो. सासूबाईंना शुगर आहे म्हणतेस तर बटाटा एखादीच फोड ठेव आणि बाकी दुधी किंवा फ्लॉवर घे. सोबत मूठभर धुतलेली मूगडाळ. कुकरला मऊ शिजवून घोटलंस की दाटपणा आपोआप येतो, कॉर्नफ्लॉवर लागतच नाही. पातीचा हिरवा भाग गॅस बंद करताना, एकदम बारीक चिरून. आधी घातलास तर रंग मळकट होतो.

विलायती_चमचा

मूळचा वाईचा, सध्या इंग्लंडात. राग मानू नका, पण दुधी, मूगडाळ, पात घालून जे होईल ते लीक-पोटॅटो सूप नव्हे. ती पातळ डाळ झाली. इथं थंडीत लीकचं सूप खातो त्याची चव वेगळीच असते. सगळंच बदलायचं असेल तर नाव तरी बदला. आपल्याकडं आधीच "चायनीज" नावाखाली काय काय खपतं ते आपण बघतोच.

पोवईनाका

@विलायती_चमचा, तुम्ही लीक पाठवा, आम्ही कंदी पेढे पाठवतो. तोवर आजींनी काय खायचं?

दंतमंजन

मिरजेत दवाखाना आहे, म्हणून थोडं व्यवसायातलं.

दात काढलेल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सूप कोमट द्या, वाफाळतं नको. स्ट्रॉनं अजिबात पिऊ देऊ नका. ओढताना तोंडात निर्वात तयार होतो आणि जखमेवरची रक्ताची गुठळी निघते. ती निघाली की हाड उघडं पडतं आणि ठणका सुरू होतो. मोहरी, तीळ, जाडसर कूट, टोमॅटोच्या बिया असलं बारीक काही जखमेत अडकेल ते टाळा. सूप गाळून घेतलं तर उत्तम. दुसऱ्या दिवसापासून खाऊन झालं की कोमट मिठाच्या पाण्यानं हलक्या हातानं चुळा, जोरात गुळण्या नकोत.

आणि एक. दात काढल्यावर म्हातारी माणसं सूपच्या नावाखाली नुसतं भाज्यांचं पाणी पितात आणि महिन्याभरात खंगतात. वाटीत प्रथिनं जातायत ना, तेवढं बघा. डाळ, दही, पनीर, दूध, काही का असेना. किडनीचा त्रास असेल तर मात्र टोमॅटो, भोपळा, पालेभाज्या यांतलं पोटॅशियम त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

सुगरणनव्हे

@दंतमंजन, धन्यवाद डॉक्टर. स्ट्रॉचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. किडनी ठीक आहे.

@हरिपूररोड काकू, उद्याच करते.

उकळबिंदू

कराडला रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळं उत्तर जरा लांबेल.

पदार्थाचं नाव बाजूला ठेवून तो भांड्यात काय करतोय ते बघितलं की बदली सुचते. क्रीमचं काम स्निग्धपणा. सेलरीचं काम हिरवट, किंचित कडसर वास आणि मागं रेंगाळणारी खारट चव. थाइमचं काम सुगंध. कॉर्नफ्लॉवरचं काम दाटपणा.

थाइमसाठी ओवा घ्या. थाइमच्या वासात थायमॉल नावाचं द्रव्य असतं आणि आपल्या ओव्याच्या तेलातही मुख्य भाग थायमॉलचाच. मात्र ओवा फार जोरकस. चार माणसांच्या सूपला दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढाच, तुपात फुलवून, आणि सासूबाईंसाठी ते तूप गाळून घाला म्हणजे दाणे राहणार नाहीत. कुंडीतलं पानओव्याचं एखादं पान असेल तर आणखी चांगलं. उकळताना टाकायचं, नंतर काढून टाकायचं.

सेलरीला हुबेहूब पर्याय नाही. कोथिंबिरीच्या काड्या, जमल्यास धुतलेली मुळं, आणि कोबीच्या आतल्या दांड्याचा एखादा तुकडा एवढं घातलं तर त्याच्या आसपास जाता येतं.

क्रीमच्या जागी घरची साय. पण टोमॅटोच्या सूपमध्ये साय टाकून उकळू नका, फुटते. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की दुधातलं केसीन हे प्रथिन गोळा होतं. साय फेटून घ्या, तिच्यात आधी डावभर गरम सूप मिसळा, मग गॅस बंद करून ती भांड्यात ओता. नंतर उकळी नाही.

फडताळ

सायीला पर्याय हवाय ना, मग उकडलेले शेंगदाणे का कुणी सांगत नाही? सातारा-सांगलीच्या घरात दुसरं काही नसेल, शेंगदाण्याचा डबा असतोच. मूठभर दाणे रात्री भिजवायचे, सकाळी कुकरला उकडायचे, सालं चोळून काढायची आणि पाणी घालत घालत गंधासारखे वाटायचे. भाजलेल्या कुटाची चव वेगळी, त्यानं उपासाच्या आमटीची आठवण येते. उकडलेल्याची चव मवाळ लागते. गाजराच्या सूपमध्ये दोन चमचे घाला, क्रीम विसराल. गाळून मात्र घ्या, डॉक्टर वर म्हणालेत ते खरंय.

माणदेशी_गडी

आमच्यात ह्याला सूप म्हणत न्हाईत, माडगं म्हणत्यात. हुलगं भाजायचं, दळायचं, पीठ डब्यात भरून ठिवायचं. लसूण-जिऱ्याची फोडणी, पाणी, उकळी आली की गार पाण्यात कालवलेलं पीठ वतायचं अन् हलवत ऱ्हायचं. शेजारच्या घरी गूळ घालून करत्यात. थंडीच्या दिसात मेंढरं घेऊन आलेला माणूस एक वाडगं पिऊन झोपतो बघा, सकाळपर्यंत हलत न्हाई.

त्यात ना लीक ना सेलरी. पाऊसच नसतो तर भाजी कुठनं आणायची? दळलेलं हुलगं हाच आमचा भाजीपाला. तुमच्या आजीस्नी हे द्या. प्रथिनं-बिथिनं सगळं हाय त्यात.

बेदाणा

@माणदेशी_गडी +१. आमच्या तासगावकडं पण हुलग्याचं पीठ असतंच. ज्वारीचं पीठ ताकात कालवून केलेली आंबील पण चालेल की त्यांना.

निशाचर

आंबील आणि माडगं भारी आहेच, पण ताईंनी भाज्यांच्या सूपबद्दल विचारलंय. दर धाग्यावर दहाव्या प्रतिसादात आपण "आमच्याकडं यापेक्षा चांगलं असतं" इथं कसे पोचतो?

पोवईनाका

@निशाचर, कारण आमच्याकडं यापेक्षा चांगलं असतं.

फडताळ

स्टॉकचं कुणीच सांगितलं नाही. त्याला विकतचं काही लागत नाही. पुरणाची डाळ शिजवल्यावर वरचं येळवणी आपण आमटीला काढतो ना? तोच स्टॉक समजा. मुगाची, मसुराची डाळ जरा जास्त पाण्यात शिजवा आणि वरचं पाणी ओतून घ्या.

दुसरं, मटार सोललेत की टरफलं टाकू नका. धुवून कांद्याच्या दोन फोडी, गाजराचे शेंडे, कोथिंबिरीच्या काड्या, तमालपत्र आणि चार मिरे घालून अर्धा-पाऊण तास उकळा आणि गाळा. पाण्याला गोडी येते. कोबी-फ्लॉवरचे देठ यात घालून तासभर उकळू नका, वास बिघडतो. बिटाची सालंही नकोत, रंगात सगळं रंगतं.

सुगरणनव्हे

@फडताळ, येळवणीचं डोक्यातच आलं नव्हतं. मी आतापर्यंत वरणाच्या वरचं पाणी कणीक भिजवायला वापरत होते.

विलायती_चमचा

कणीक!! बरं, थोडी माघार घेतो. इटलीतल्या मिनेस्ट्रोने सूपची काही ठरलेली पाककृती नाही, हे मान्य. ऋतूत जी भाजी, घरात जी कडधान्यं, उरलेला भात किंवा पास्ता, सगळं त्यात जातं. मद्रासच्या इंग्रजांनीही आपलं रस्सम बघून मलिगटॉनी सूप केलंच की. माझा आक्षेप एवढाच, की प्रत्येक सूपच्या शेवटी जिरं-कढीपत्त्याची फोडणी आणि वर गरम मसाला असं करू नका. मग दुधी काय, गाजर काय, भोपळा काय, सगळ्याची चव सारखी. निदान एका वेळी एकच वास ठेवा.

हरिपूररोड

@विलायती_चमचा, हे मात्र पटलं. तांबड्या भोपळ्याच्या सूपला मी पुरणाच्या डब्यातलं जायफळ किसून घालते, तिकडचे लोकही घालतात म्हणे. भोपळ्याच्या फोडी नुसत्या उकडल्या तर पाणचट लागतात. लोखंडी तव्यावर थोडं तूप टाकून दोन्हीकडून डाग पडेपर्यंत भाजायच्या, मग शिजवायच्या. आलं थोडंसं. वाटून झाल्यावर जायफळ, एवढंच. मिरपूड ज्याला हवी त्यानं ताटात घ्यावी.

अवांतर: २०१९ च्या ऑगस्टातल्या पुरात हे सूप आम्ही अख्ख्या इमारतीला केलंय. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेलेली, खालचा मजला पाण्यात, वीज नाही. वर अडकलेल्या घरांनी आपापलं होतं नव्हतं ते आमच्या गच्चीवर आणलं. एकाच्या घरी नुकताच आणलेला अख्खा भोपळा, दुसऱ्याकडं कांद्याची जाळी, आमच्याकडं मसूर आणि भरलेला सिलिंडर. पिण्याचं पाणी मोजून, म्हणून भाज्या धुतलेलं पाणी भांडी विसळायला ठेवलेलं. मिक्सर बंद, मग शिजलेला भोपळा पुरणयंत्रातून काढला. शेवटी शेवटी तूप संपलं, तेव्हा शेंगतेलात केलं. लहान पोरं नाकं मुरडत होती, पण त्यांनाही दुसरी वाटी लागली. बोटीतून खिचडीची पाकिटं यायला लागल्यावर सगळे खूश झाले, तरी भोपळा संपेपर्यंत एक पातेलं चुलीवर असायचंच. चुलीवर म्हणजे गॅसवर हो, सवयीनं लिहिलं.

गप्पिष्ट

@हरिपूररोड, वाचून कसंतरी झालं. आमच्या आत्याचं हरिपुरातलं घर २००५ च्या पुरात होतं. तिथल्या हळदीच्या पेवांत पाणी शिरलेलं ते अजून सांगते.

हरिपूररोड

@गप्पिष्ट, हो ना. जमिनीतली पेवं ती, पाणी शिरलं की संपलं. तेव्हा गेलेली बरीच पेवं नंतर कुणी वापरात आणलीच नाहीत, आता बहुतेक माल कोल्ड स्टोरेजला. बरं, हळदीवरून आठवलं. हल्ली प्रत्येक सूपमध्ये चमचाभर हळद घालायचं खूळ निघालंय. मी सांगलीची, हळदीच्या विरोधात बोलले तर घराबाहेर काढतील, पण गाजराच्या सूपमध्ये एवढी हळद कडवट लागते. चिमूट पुरे.

कोरेगावकर

घेवड्याचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून यावं लागलं. आमचा वाघ्या घेवडा, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला. रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून देऊन, ताज्या पाण्यात कुकरला भरपूर शिजवायचा. अर्धा घोटायचा, अर्धा तसाच ठेवायचा. कांदा, टोमॅटो, गाजर. क्रीमची गरजच पडत नाही, घेवडा स्वतःच लोण्यागत होतो. आजींसाठी सगळाच घोटून गाळा.

उकळबिंदू

@कोरेगावकर, भिजवलेलं पाणी टाकायचं आणि नीट शिजवायचं हे महत्त्वाचं सांगितलंत. घेवडा-राजम्याच्या जातीत कच्चेपणी लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं, त्यानं उलट्या-जुलाब होतात. खळखळून उकळल्याशिवाय ते जात नाही. विजेच्या मंद आचेच्या भांड्यात तासन् तास ठेवलं तरी आच कमी पडली तर उपयोग नाही. आपला कुकर त्याला उत्तम.

आणि वर दुधीचा विषय आलाय म्हणून सांगतो. दुधी चिरताना छोटा कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर सगळा टाकून द्या. सूप करून, मसाला घालून कडवटपणा झाकू नका. कडू दुधीच्या रसानं दिल्लीत माणसं दगावल्यावर आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) त्यावर तज्ज्ञांची समिती नेमली होती. शिजवल्यानं ते विष जात नाही.

निशाचर

दुधी चाखून बघायचा हे आजी करायची. आम्ही हसायचो.

बेदाणा

टोमॅटो सूपबद्दल कुणी बोलेल का? २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीच्या वर गेले तेव्हा आमच्या घरी सूपच बंद. परत तसं झालं तर काय?

फडताळ

@बेदाणा, टोमॅटो दोनच घे. बाकी तांबडा भोपळा आणि गाजर, रंगाला बिटाची पातळ चकती. आंबटपणाला आमसूल किंवा चिंचेचा कोळ, पण तो अगदी शेवटी. टोमॅटोची चव येईलच असं नाही, पण वाटीत काय आहे हे सांगितलं नाही तर पाहुणे विचारतही नाहीत. आणि आंबट सूपमध्ये सोडा घालायची सवय काहींना असते, ती सोडा. गाजर वाढवलं की आंबटपणा आपसूक खाली येतो.

उकळबिंदू

आंबट शेवटी घालायचं आणखी एक कारण. कॉर्नफ्लॉवर किंवा तांदळाचं पीठ लावलेल्या सूपमध्ये आंबट घालून बराच वेळ उकळलं, सतत घोटलं, तर दाटपणा सैल पडतो. पीठ नेहमी गार पाण्यात कालवूनच. गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या, मग कितीही घोटा.

धागाकर्तीनं शुगरचं लिहिलंय म्हणून सांगतो, तांदळाचं किंवा ज्वारीचं पीठ हाही शेवटी स्टार्चच. कॉर्नफ्लॉवरऐवजी ते घातलं म्हणून शुगरवाल्याला फार फरक पडत नाही. दाटपणा डाळीनं किंवा खुद्द भाजी वाटून आणलेला बरा.

गप्पिष्ट

पाकिटातलं सूप देऊन बघितलं का कुणी? पाच मिनिटांत होतं.

दंतमंजन

@गप्पिष्ट, पाकिटामागचे घटक वाचा. बऱ्याच पाकिटांवर मक्याचं पीठ, साखर, मीठ हीच मंडळी पुढच्या रांगेत असतात, भाजी मागून येते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. ब्लडप्रेशरवाल्या माणसाला रोज पाकीट द्यायचं तर आधी तो हिशोब करा. प्रवासात एखादे वेळी, ठीक आहे.

माणदेशी_गडी

माडग्याचं पीठ पण पाच मिन्टात व्हतंय. नुसतं सांगून ठिवतो.

सुगरणनव्हे

ताजा वृत्तांत. पात-दुधी-मूगडाळ केलं, हरिपूररोड काकूंच्या पद्धतीनं. दुधी आधी चाखला, गोड होता. सूप गाळून, कोमट करून दिलं. सासूबाईंनी पहिल्या घोटाला काहीच म्हटलं नाही. मग वाटी खाली ठेवून विचारलं, "यात काय घातलंय?" मी पात म्हणाले. "आणि?" मूगडाळ. "मग कढण म्हणायचं की सरळ." पण वाटी रिकामी झाली आणि रात्रीला परत मागितलं.

दुसऱ्या वेळी भोपळा तव्यावर भाजून केला, जायफळ घालून. त्याला मात्र चक्क "सूप" म्हणाल्या. नवऱ्याला आणि पोरांना वर शिळी ज्वारीची भाकरी बारीक चुरून तुपात कुरकुरीत करून घातली. इतकी आवडली की आता मुद्दाम भाकरी जास्त करायला लागतेय. सासूबाई त्या वाटीकडं बघत बसतात, तेवढं वाईट वाटतं.

आता सोमवारचं सांगा. कांदा-लसूण नाही, मग बुड कशाचं करायचं?

हरिपूररोड

तुपात जिरं नको, त्यांच्या हिरड्यांत जाईल. हिंग घाल, चांगला फुलू दे, मग किसलेलं आलं. त्यावर गाजर आणि फरसबी. हिंगानं कांद्याची उणीव बरीच भरून निघते. किंवा शेवग्याच्या शेंगा उकडून, गर चमच्यानं खरवडून काढायचा, सालं टाकायची. त्या गराला डाळीचं पाणी, हिंग, आलं, शेवटी लिंबू. गाळायला विसरू नकोस, शेंगेचा एखादा धागा राहतोच.

विलायती_चमचा

शेवग्याचं सूप मी इथं गोठवलेल्या शेंगांचं करतो, खरंच छान होतं. हिंगाला मात्र इथल्या शेजाऱ्यांचा आक्षेप आहे, खिडकी लावून घ्यावी लागते.

आणि सायीबद्दल एक. साय फ्रिजमध्ये साठवून आंबट झालेली असेल तर सूपला नको, ती ताकाला. ताजीच घ्या.

पोवईनाका

@विलायती_चमचा, तुम्ही आता पूर्ण आमच्यात आलात. लीकची वाट बघणं सोडतोय.

निशाचर

एक प्रश्न राहिला. गरम सूप मिक्सरला लावायचं कसं? आमच्या शेजारी मागच्या आठवड्यात झाकण उडून टोमॅटो सूप छतापर्यंत गेलं. हाताला भाजलं नाही, नशीब.

उकळबिंदू

गरम पातळ पदार्थ बंद भांड्यात फिरवला की वाफ एकदम वाढते आणि झाकण उडतं. भाज्या चाळणीत काढून गार होऊ द्या, फक्त भाज्या वाटा, पाणी नंतर मिसळून परत उकळा. घाईच असेल तर हातात धरायचा ब्लेंडर थेट पातेल्यात. नाहीतर हरिपूररोड काकूंचं पुरणयंत्र आहेच. त्यात बिया, सालं, धागे सगळं वरच राहतं, म्हणजे दंतमंजन डॉक्टरांचं गाळणंही त्यातच झालं.

सुगरणनव्हे

पुरणयंत्र! माळ्यावर आहे, होळीलाच खाली येतं. काढते.

@कोरेगावकर, घेवडा कुठून घेऊ? मागच्या वेळी इथल्या दुकानातून आणला तो तीन शिट्ट्यांनंतरही टणक.

कोरेगावकर

जुना असणार. घेवडा जितका जुना तितका शिजायला हट्टी, भिजवून पण फुगत नाही. घेताना दाणा बघा. चकचकीत, एकसारखा, सुरकुत्या नसलेला. नवा माल आला की वर्षाचा भरून ठेवा, थोडा थोडा नको. आणि शिजवताना टोमॅटो, आमसूल आधी घालू नका, आंबटात तो आणखी हट्ट करतो. आधी नुसत्या पाण्यात मऊ करून घ्या. भाव मात्र इथं जाहीर लिहीत नाही, व्यनि (खासगी निरोप) करा.

पोवईनाका

@कोरेगावकर, व्यनि करतोय. आजींच्या नावावर माझा पण दोन किलो धरा.